रायडर तोच, मेकॅनिकही तोच

मोटारसायकल शर्यतीत कंपनीचा रायडर वेगळा, प्रायव्हेटियर वेगळा. प्रायव्हेटियरची गाडी, पाने, खर्च सगळे स्वतःचे. ऑस्ट्रेलियाचा जॅक फिंडले त्यातलाच. या मंडळींचे घर म्हणजे व्हॅन. रात्री इंजिन खोलायचे, सकाळी शर्यतीत उतरायचे. इंजिन जाम झाले की कमाई बंद.

१९६८ मध्ये आगोस्तिनीने एमव्ही ऑगस्टावर ५०० सीसीच्या दहाही शर्यती जिंकल्या. जुन्या, एका सिलिंडरच्या मॅचलेसवर फिंडले जगात दुसरा आला! आम्हाला हा दुसरा नंबरच मोठा वाटतो. गॅरेजात काम शिकणाऱ्या आपल्या मुलांना तो जरूर सांगावा.

पहिला विजय १९७१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी, उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर ग्रां प्रीत, सुझुकीवर. ५०० सीसी गटात टू-स्ट्रोक गाडी तेव्हाच पहिल्यांदा जिंकली.