गल्ल्यातला फोन डेटा कुठे खर्च करतो?

कारंजाच्या बाजारात आज एकच फोन असलेले दुकान विरळा. एक फोन मालकाच्या खिशात असतो आणि दिवसभर वाजत राहतो. दुसरा गल्ल्यात, बिलबुकाच्या शेजारी पडून असतो. हा दुसरा नंबर बहुधा जुना असतो. दुकानाच्या पाटीवर तोच रंगवलेला असतो, अकोला-अमरावतीच्या होलसेलवाल्यांच्या वहीत तोच लिहिलेला असतो, आणि मुख्य म्हणजे बँकेच्या खात्याला व जीएसटीच्या नोंदणीला तोच जोडलेला असतो. ओटीपी आला की फोन बाहेर निघतो, आकडे वाचले जातात आणि तो पुन्हा गल्ल्यात जातो.

या फोनबद्दल व्यापारी बांधवांची तक्रार सगळीकडे सारखीच आहे. हात लावला नाही तरी डेटा संपतो. पॅक टाकला, चार दिवस फोन पडून राहिला, आणि पाचव्या दिवशी कंपनीचा मेसेज आला की आपण ९० टक्के डेटा वापरला आहे. मग वापरला कोणी? आमच्या ओळखीच्या एका कटपीसवाल्या भाईंनी सरळ दुकानातल्या नोकर पोराला विचारले की, आम्ही जोहरच्या नमाजला गेलो की तू फोनवर व्हिडिओ पाहतोस काय? पोरगा रडवेला झाला. दोन वर्षांत त्याने गल्ल्यातली चिल्लर इकडची तिकडे केली नव्हती. पुढे फोनमधलाच हिशोब काढून पाहिला, तेव्हा पोरगा निर्दोष निघाला. डेटा फोनने स्वतःच खाल्ला होता. नाहक संशयाचे पाप पॅकच्या पैशापेक्षा जड असते, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेतला आहे.

पडदा काळा झाला म्हणजे फोन झोपला असे आपण समजतो. दुकानाचे शटर ओढले तरी आत मुनीम हिशोब लिहीत बसावा, तसे फोनचे आहे. अँड्रॉइड फोनमध्ये गुगलची एक यंत्रणा सतत जागी असते. ती मेसेज आला काय ते पाहते, संपर्कांची यादी जुळवते, फोन कोठे आहे त्याची खबर ठेवते आणि वेळ तपासते. शिवाय प्रत्येक अॅप आपापल्या कंपनीचे दार मधूनमधून ठोठावत असते. या सगळ्याला बॅकग्राउंड डेटा म्हणतात. मालकाच्या नजरेआड खर्च होणारा डेटा, असा त्याचा साधा अर्थ.

हा खर्च किती असतो, याची मोजणी झालेली आहे. आयर्लंडमधील डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्राध्यापक डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये फोन नुसता पडून ठेवून तो काय पाठवतो ते तपासले. गुगलचा फोन दर १२ तासांना सुमारे १ एमबी माहिती गुगलकडे पाठवत होता, आणि अॅपलचा फोन तेवढ्याच वेळात सुमारे ५२ केबी अॅपलकडे. दोन्ही फोन सरासरी साडेचार मिनिटांनी एकदा आपल्या कंपनीशी बोलत होते. माहिती न पाठवण्याचा पर्याय निवडूनही हे चालूच होते. मोजण्याची ही पद्धत गुगलला मान्य नव्हती, हेही सांगायला हवे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने हिशोब करा. १२ तासांना १ एमबी म्हणजे महिन्याला ६० एमबी. आजच्या दराने ही रक्कम किरकोळ आहे. पण २०१६ साली जिओ आले, त्यापूर्वीचे दिवस आठवा. पॅक नसेल तर १० केबीला १० पैसे असा दर तेव्हा सर्रास लागत असे. त्या दराने ६० एमबीचे ६०० रुपयांहून अधिक होतात! त्या काळी चुकून एखादे बटण दाबले गेले आणि बॅलन्स साफ झाला, असे गाऱ्हाणे घेऊन किती लोक रिचार्जच्या दुकानावर भांडायला येत, ते आमच्या वयाच्या वाचकांनी पाहिलेले आहे.

मग ६० एमबीच जर खर्च होत असेल, तर एक जीबीचा पॅक चार दिवसांत कसा संपतो? येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. वर सांगितली ती फोनची कुजबुज आहे. खरी हमाली वेगळीच असते. प्ले स्टोअर अॅपच्या नव्या आवृत्त्या आपोआप उतरवून घेते, आणि एकेक अॅप शंभर एमबीच्या घरात जाते. फोनमधले फोटो कंपनीच्या कोठारात चढत असतात. व्हॉट्सअॅपवरचे बाजारभावाचे ग्रुप, जमातीचे ग्रुप, शाळेचे ग्रुप, यांतले फोटो आपोआप उतरतात, आणि सेटिंग तशी असेल तर व्हिडिओही उतरतात. सकाळी फजरनंतर ‘सुप्रभात’ आणि ‘जुम्मा मुबारक’चे व्हिडिओ पाठवणाऱ्या बंधूंना हे कधी कळते की नाही कोण जाणे. शिवाय फोन जितका कमी वापरला जातो, तितकी ही कामे तुंबून राहतात. पंधरा दिवस बंद असलेला फोन ओटीपीसाठी चालू केला, की तो पंधरा दिवसांची थकबाकी एकदम वसूल करतो. कमी वापराचा फोन जास्त डेटा खातो असे वाटते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आपल्या फोनमध्ये नेमके कोण खाते, ते पाहायला कोणाकडे जावे लागत नाही. सेटिंगमध्ये नेटवर्क किंवा कनेक्शन असे लिहिलेले असते, त्यात डेटा युसेज उघडावे. तेथे अॅपवार यादी दिसते, सर्वांत खाऊ अॅप सर्वांत वर. त्या नावावर बोट ठेवले की समोर वापरताना किती खर्च झाला आणि बॅकग्राउंडमध्ये किती, हे वेगवेगळे दिसते. समोरचा आकडा जवळजवळ शून्य आणि मागचा मोठा असेल, तर घरच्या कोणावर किंवा नोकरावर बोट दाखवू नये. त्याच जागी बॅकग्राउंड डेटा बंद करण्याचे बटण असते. अँड्रॉइडची सातवी आवृत्ती २०१६ मध्ये आली, तेव्हापासून डेटा सेव्हर नावाचे एक बटण मिळते. ते चालू केले की बहुतेक अॅपचा मागचा दरवाजा एकदम लागतो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये अपडेट फक्त वायफायवर व्हावे असे सांगता येते, आणि व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करता येते. दोन सिमच्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट पाहावी. एका सिमची रेंज गेली की डेटा दुसऱ्या सिमवर आपोआप वळवण्याची सोय काही फोनमध्ये असते, आणि जुन्या नंबरचा बॅलन्स तिथून गळतो.

पण आमचे स्पष्ट मत असे आहे की गल्ल्यातल्या फोनला एवढा उपद्व्याप करण्याची गरजच नाही. त्याचा मोबाइल डेटा सरळ बंद ठेवावा. ओटीपी हा साधा एसएमएस असतो, त्याला डेटा लागत नाही, आणि कॉललाही पॅकमधला डेटा लागत नाही. हे न समजल्यामुळे लोक नुसत्या ओटीपीसाठी रोज दीड-दोन जीबीचे पॅक मारत बसतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियमात बदल करून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा व्हाउचरची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मोकळीक दिली. जानेवारी २०२५ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी असे पॅक आणले. रिचार्जवाला ते स्वतःहून सांगत नाही, आपण नाव घेऊन मागावे लागते. त्याआधी २०१५ मध्ये ट्रायने डेटा चालू-बंद करण्यासाठी १९२५ हा नंबर ठरवून दिला, आणि पॅकचा ५०, ९० व १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवण्याची सक्ती केली. वर सांगितलेला ९० टक्क्यांचा मेसेज येतो, तो या नियमामुळे.

यात नुसता दहा-वीस रुपयांचा प्रश्न नाही, नंबरचाही प्रश्न आहे. २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरले नाही तर कंपनी ते बंद करू शकते, मात्र खात्यात २० रुपये किंवा अधिक बॅलन्स असेल तर नंबर राखला जातो. आता पॅक संपल्यावर कंपनी डेटाचे पैसे मुख्य बॅलन्समधून कापत असेल, तर हे वीस रुपयेच फोन आतल्या आत खाऊन टाकू शकतो. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोरही आले होते. आपल्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात जाणे म्हणजे काय, ते व्यापाऱ्याला समजावून सांगायला नको.

कपड्याच्या धंद्यात थानावर २० मीटर लिहिलेले असते आणि मोजले तर १९ भरते, तेव्हा आपण पेढीवर फोन करून भांडतो. माप कमी देणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफात सूरह मुतफ्फिफीनच उतरली आहे. मग विकत घेतलेला डेटा न विचारता दुसऱ्यानेच वापरला, तर ते काय समजायचे? हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. कॅलिफोर्निया राज्यातील सुमारे १ कोटी ४० लाख अँड्रॉइडधारकांच्या वतीने २०१९ मध्ये गुगलवर दावा लावला गेला. फोन पडून असताना गुगल आपल्या कामासाठी ग्राहकाचा मोबाइल डेटा वापरते आणि त्याचा बोजा ग्राहकावर पडतो, असे दाव्यात म्हटले होते. गुगलचे म्हणणे असे की ग्राहकांनी अटी मान्य केल्या आहेत आणि कोणाचे नुकसान झालेले नाही. १ जुलै २०२५ रोजी सॅन होजे येथील ज्यूरीने ग्राहकांच्या बाजूने निकाल देऊन ३१ कोटी ४६ लाख डॉलर, म्हणजे सुमारे २७०० कोटी रुपये देण्यास सांगितले. गुगलने अपील करणार असल्याचे जाहीर केले. अपिलात काही होवो, पण थोडासाच डेटा घेतला हा बचाव ज्यूरीने ऐकला नाही. आमच्या दृष्टीने मुद्दा तेथेच आहे. एका फोनचे ६० एमबी म्हणजे काहीच नाही. कोट्यवधी फोनचे साठ-साठ एमबी म्हणजे मोठी पेढी आहे. सौदा दोन्ही बाजूंच्या राजीखुशीने व्हावा लागतो, आणि इंग्रजीतल्या चाळीस पानांच्या अटीखाली अंगठा दाबून घेणे ही राजीखुशी आम्हाला तरी वाटत नाही.

हज किंवा उमराहला जाणाऱ्यांनी तर अधिक सावध असावे. भारतातले सिम घेऊन जेद्दा किंवा मदिनेला उतरले आणि डेटा रोमिंग चालू राहिले, तर वर सांगितलेली सारी तुंबलेली कामे फोन परदेशी दराने उरकायला लागतो. विमानात बसण्यापूर्वी रोमिंगचे बटण बंद आहे ना, ते पाहावे. घरी ठेवून जाणार असलेल्या फोनचाही डेटा बंद करून जावे.

डेटा कायमचा बंद ठेवला तर दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. फोनच्या सुरक्षेचे अपडेट थांबतात, म्हणून महिन्यातून एकदा घरच्या वायफायला जोडून ते उतरवून घ्यावेत, विशेषतः फोनमध्ये बँकेचे अॅप असेल तर. आणि त्या नंबरावर व्हॉट्सअॅप असेल तर १२० दिवस न वापरलेले खाते साधारणपणे काढून टाकले जाते, तेव्हा वायफायच्या त्याच वेळी ते एकदा उघडावे. ज्यांना तो नंबर केवळ बँकेच्या मेसेजसाठी हवा आहे, त्यांनी ते सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये टाकले तरी काम भागते. शिल्लक पाहणे आणि पैसे पाठवणे *९९# ने इंटरनेटशिवाय होते, आणि रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३ पेही सुरू केले आहे. असा फोन एकदा चार्ज केला की कित्येक दिवस चालतो.