सरावाचा ध्वनिवर्धक कसा निवडावा?

विजेच्या तंतुवाद्याचें आपल्या कोंकणास आतां नवल राहिलेलें नाहीं. गणेशोत्सवांत नाक्यानाक्यावर दुमदुमणारा बेंजो हें त्याचें परिचित उदाहरण होय. जपानांतील नागोया शहरीं गोरो मोरिता यांनीं १९१२ सालीं 'ताइशोगोतो' नांवाचें वाद्य बनविलें. त्याचेंच भारतीय रूप म्हणजे बुलबुलतरंग, आणि त्यास विजेची जोड मिळाली कीं आपला बेंजो तयार होतो. त्याच हौसेनें कित्येक विद्यार्थी विजेच्या गिटारकडेहि वळतात. गिटार घेऊन झाली, कीं मग घरांत दुसरा प्रश्न उभा राहतो. तिचा नाद ऐकूं येण्यासाठीं लागणारा ध्वनिवर्धक, ज्यास बाजारांत अँप्लिफायर म्हणतात, तो कोणता घ्यावा व त्यावर किती पैसा घालावा? या प्रश्नाचा उलगडा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम या यंत्राची गरज कां पडते तें पाहूं. साध्या गिटारचें पोट पोकळ असतें व तारेचें कंपन त्या पोकळींत घुमून मोठें होतें. विजेच्या गिटारचें अंग बहुधा भरीव लांकडाचें असल्यामुळें ती नुसती छेडल्यास शेजारच्या खोलींतहि नीट ऐकूं जात नाहीं. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावली कीं त्या वेढ्यांत अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेलें जें प्रवर्तनाचें तत्त्व तुम्ही शास्त्राच्या तासाला शिकतां, तेंच येथें राबत असतें. हा प्रवाह वाढवून त्यायोगें स्पीकरचा पडदा हलविणें, एवढेंच ध्वनिवर्धकाचें काम. अशी गिटार अमेरिकेंत जॉर्ज बोशँप व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं १९३२ सालीं विक्रीस आणली. वाद्यवृंदाच्या गजरांत गिटार बुडून जाई, ती अडचण या युक्तीनें दूर झाली.

मोठा आवाज ही वाद्यवृंदाची गरज आहे, घरीं एकट्यानें सराव करणाऱ्याची नव्हे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे अर्धा खर्च वांचतो. दुकानांत मात्र पहिला प्रश्न "किती वॅटचा?" असाच विचारला जातो. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाजहि दुप्पट होतो, ही समजूत खरी नाहीं. शक्ति दुप्पट केल्यानें आवाज केवळ ३ डेसिबेल वाढतो, आणि कानास तो दुप्पट वाटावयाचा तर सुमारें १० डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ति लागते. एखादा स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावरून ९० डेसिबेल आवाज देत असेल, तर तो १० वॅटवर १०० व २० वॅटवर १०३ डेसिबेल देईल. आतां १ वॅटचा हा ९० डेसिबेलचा आवाजच रहदारीच्या रस्त्यावरील कोलाहलास मागें टाकणारा आहे! तेव्हां दहा वॅटचें यंत्र घरास पुरून उरतें. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेलची मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंतचा काळ हा रात्रीचा काळ मानला आहे. आळींत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत तर नियमाआधीं शेजारधर्मच आठवावा.

मग पैसा द्यावयाचा तो कशासाठीं? वाजविणाऱ्यास स्वतःच्या हाताचे दोष स्पष्ट ऐकूं यावेत, यासाठीं. पुढील गोष्टी या एकाच कसोटीवर पारखाव्यात.

पहिली गोष्ट स्पीकरची. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदास सुमारें ८२ कंपनांचा असतो. तळहातावर मावणाऱ्या खेळण्यासारख्या स्पीकरांतून तो जवळजवळ उमटतच नाहीं. साडेसहा ते आठ इंच व्यासाचा स्पीकर असलेली पेटी सरावास योग्य होय.

दुसरी गोष्ट स्वच्छ नादाची. गेन नांवाची कळ फिरविली कीं नाद फाटून भरदार होतो व तो नवशिक्यास फार मोहवितो. परंतु त्या गदारोळांत अर्धवट दाबलेली तार व चुकलेली लय दोन्ही झांकून जातात. म्हणून दुकानांत गेन अगदीं कमी ठेवून एकेक तार सावकाश वाजवून पाहावी. तो साधा नाद गोड असेल तरच पेटी घ्यावी.

तिसरी गोष्ट हेडफोनच्या जोडणीची. तिनें रात्रींचा अभ्यास कोणासहि उपद्रव न होतां करतां येतो. मात्र कानांची काळजी घ्यावी. मुलांसाठीं आठवड्यास ४० तास व ७५ डेसिबेल ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सुचविली आहे. आवाज जितका वाढवावा तितका हा अवधि झपाट्यानें घटतो. मोबाइलवरील ठेका किंवा गाणें त्याच पेटींतून ऐकण्याची सोय असल्यास लय पक्की होण्यास फार मदत होते.

घरांत गाणीं ऐकण्याचा संच आहे, त्यालाच गिटार जोडली तर काय होईल, असें कोणी विचारील. गिटारच्या क्षीण प्रवाहास सुमारें दहा लाख ओहम अवरोधाचें प्रवेशद्वार लागतें. गाण्याच्या संचाचें बहुधा दहावीस हजार ओहमांचेंच असतें. त्यामुळें नाद बसका व निस्तेज येतो, आणि दोष हाताचा कीं यंत्राचा हेंच कळेनासें होतें.

व्हॉल्व्हच्या जुन्या धर्तीच्या ध्वनिवर्धकांची कीर्ति मोठी आहे. पण ते महाग व जड असतात, आणि त्यांत शेंकडों व्होल्टचा दाब असून तो बटण बंद केल्यावरहि कांहीं काळ आंत टिकतो. नवशिक्यानें ट्रान्झिस्टरचा साधा किंवा डिजिटल ध्वनिवर्धक घ्यावा. वापरलेला घेतल्यास पैसा आणखी वांचतो. मात्र प्रत्येक कळ फिरवून करकर होते काय, वायर हलवितां आवाज तुटतो काय व कांहीं न वाजवितां घूं-घूं किती येते, हें तेथल्या तेथें पाहून घ्यावें.

शेवटची गोष्ट पैशाहूनहि महत्त्वाची. गिटारच्या तारा वायरीच्या द्वारें ध्वनिवर्धकाच्या धातूच्या भागास जोडलेल्या असतात, म्हणजे बोटें सदैव यंत्राशीं बांधलेलीं असतात. प्लगास तिसरी, अर्थिंगची पीन असेल तर ती कधींहि मोडूं नये व घरांतील अर्थिंग जाणकाराकडून तपासून घ्यावें. नाते, महाड, पोलादपूर या भागांत पावसाळ्याची ओल भिंतींत मुरते. तेव्हां ओल्या जमिनीवर अनवाणी उभें राहून वाजवूं नये. २२ जुलै २०२१ रोजीं महाडांत शिरलेला पूर कोण विसरेल? यंत्र जमिनीवर न ठेवतां फळीवर ठेवावें, आणि पाण्यांत भिजलेलें यंत्र दुरुस्त करणाऱ्यास दाखविल्याविना विजेस जोडूं नये. बॅटरीवर चालणारी पेटी पावसाळ्यांत वीज गेल्यावरहि कामास येते.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ सालीं आपल्या नाते गांवींच झाला. तेव्हां रुपयाचें मोल येथील वाचकांस निराळें सांगावयास नको. मुलांनीं मोठ्या पेटीचा हट्ट धरूं नये. पालकांनींहि खेळणें समजून अगदीं टाकाऊ पेटी आणूं नये. लहान, स्वच्छ नादाची व सुरक्षित पेटी घ्यावी आणि उरलेल्या पैशांतून तारांचा एक जादा संच व कांहीं महिन्यांची शिकवणी पदरांत पाडून घ्यावी. मोठा आवाज मंडळास लागेल त्या दिवशीं तो भाड्यानेंहि मिळतो. तयार हात मात्र भाड्यानें मिळत नाहीं.