बेत तोच, फक्त उलटा

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईच्या किती तरी बाइक मनालीत दाखल होतात. त्यातल्या अनेकांचा बेत ठरलेला: मनाली ते लेह, सुमारे ४३० किलोमीटर, दोन दिवस, मुक्काम मधोमध सरचूला. नकाशावर याहून सुटसुटीत काय असणार? निघण्याआधी तो जरा तपासून तर पाहू.

आधी गणित. शंभर किलोमीटरला दोन तास धरले, म्हणजे सरासरी ताशी ५०. पहिल्या ५० किलोमीटरला खडी आणि चिखल लागला, वेग २५ वर आला. पुढे डांबरावर ७५ ने हाणली, तर सरासरी ५० पडेल ना? पडते ३७.५! मग ५० पाडायची तर पुढचे ५० किलोमीटर किती वेगाने मारायचे? कितीही मारा, जमणारच नाही. दोन तास पहिल्या टप्प्यातच संपलेत. उरलेलं अंतर शून्य मिनिटांत कापायला हवं!

पेट्रोलचं सोपं आहे. ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ असं बजावणारी वाटेतल्या टांडीच्या पंपावरची पाटी रायडर मंडळींना पाठ आहे. कॅन बांधला की विषय संपला.

नाल्यांचं तसं नाही. बारालाचा खिंडीच्या अलीकडे, झिंगझिंग बारच्या आसपास, ते थेट रस्त्यावरून वाहतात. सकाळी जिथे बूट जेमतेम भिजतात, तिथेच दुपारी सायलेन्सर बुडायची वेळ येते. ना पाऊस, ना ढग! ऊन चढतं, वरचं बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार होते. मनालीहून सकाळी निघून चहा-नाश्ता करत आलेला माणूसही नेमका तेव्हाच तिथे हजर.

आणि खरी गंमत रात्री. मनाली २,०५० मीटरवर, सरचू ४,२९० च्या आसपास. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, असा डॉक्टरांचा ठोकताळा. आपण एका रात्रीत दोन हजारांहून जास्त चढवतोय! मानेतल्या रक्तवाहिन्यांपाशी तांदळाच्या दाण्याएवढे दोन पहारेकरी असतात. ऑक्सिजन घटला की ते श्वास वाढवायला लावतात. पण त्या भरात कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडतो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू म्हणतो, पुरे आता! झोपेत श्वास काही सेकंद चक्क थांबतो. माणूस दचकून उठतो, धापा टाकतो, पुन्हा तेच. हे भांडण मिटवतं कोण? फुफ्फुसं नव्हे, मूत्रपिंडं! जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून ती रक्त ताळ्यावर आणतात. या कामाला तास नाही, दिवस लागतात. म्हणजे तुमच्या राइडचं वेळापत्रक शेवटी ठरवतात ती मूत्रपिंडं. उंचीवर रात्री सारखं तंबूबाहेर जावं लागलं तर वैतागू नका. काम सुरू आहे.

मग बेत रद्द? छे, उलटा करा! आधी श्रीनगरमार्गे लेह गाठा: श्रीनगर १,५८५ मीटर, कारगिल २,६७६, लेह ३,५००. वाटेत फोतुला खिंडीत रस्ता ४,१०० च्या घरात जातो खरा, पण तिथे झोपायचं नसतं. लेहला दोन-तीन रात्री काढा आणि मग मनालीकडे निघा. सरचूचा मुक्काम तोच, पण आता शरीर तयार. उजाडताच निघालात तर बारालाचा जेमतेम ४० किलोमीटरवर, आणि झिंगझिंग बारचे नाले पाणी चढायच्या आत पार. एक क्रम फिरवला आणि नाल्यांची नि उंचीची, दोन्ही अडचणी सुटल्या! फक्त श्रीनगरकडून फिरून जायचे जादा दिवस रजेच्या अर्जात आधीच धरा.