जुन्या डिस्क, नवे कन्सोल

4 मार्च 2000 रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन 2 विक्रीला आला, तेव्हा खास त्याच्यासाठी केलेले गेम मोजकेच होते. तरी दुकानांपुढे रांगा लागल्या. एक तर त्यावर डीव्हीडी पाहता येई. शिवाय घरात साठलेल्या पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क त्यावर चालत. त्यासाठी सोनीने जुन्या कन्सोलचा प्रोसेसरच नव्यात बसवला होता. एरवी तो कंट्रोलर आणि मेमरी कार्डाचं काम बघे. जुनी डिस्क घातली की मूळ कामाला लागे. जुन्या गेमची चित्रं थोडी गुळगुळीत दिसावीत, याचीही सोय सेटिंगमध्ये होती. जुन्या ग्राहकाची इतकी कदर त्याआधी क्वचितच कोणी केली होती.

1982 मध्ये अटारीने उलट केलं. त्यांच्या 5200 या नव्या कन्सोलमध्ये स्वतःच्याच जुन्या 2600 ची कार्ट्रिज बसत नसत. अ‍ॅडॉप्टर आला पुढच्या वर्षी. तोवर प्रतिस्पर्धी कन्सोल कोलेकोव्हिजनसाठी 2600 चे गेम चालवणारं जोडयंत्र विकलं जाऊ लागलं होतं!

सोनीलाही पुढे या सोयीचा खर्च जड झाला. 2006 च्या प्लेस्टेशन 3 मध्ये पीएस2 च्या चिप होत्या, आणि 60 जीबीच्या मॉडेलची अमेरिकेतली किंमत होती 599 डॉलर. वर्षभरातच चिपला कात्री लागली, आणि 40 जीबीच्या मॉडेलवर पीएस2 चे गेम बंदच झाले.

जुने गेम चालतात एवढ्याने कन्सोल खपतो, असं मात्र नाही. 2012 च्या वी यू कन्सोलवर आधीच्या वी कन्सोलचे गेम चालत, तरी तो दीड कोटीही खपला नाही. पीएस4 वर पीएस3 ची डिस्क चालत नव्हती, तरी तो अकरा कोटींच्या वर गेला. मला वाटतं, या सोयीचा खरा उपयोग पहिल्या वर्षात होतो, नवे गेम यायचे असतात तेव्हा. 2020 मध्ये एक्सबॉक्स सिरीज एक्स आला तेव्हा 'हेलो इन्फिनिट' हा त्याचा मोठा गेम लांबणीवर पडला होता. तेव्हा एक्सबॉक्सच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या गेमनीच त्याला हात दिला.

आता गेम खात्यावर विकत घेतले जातात, त्यामुळे ते मागे सोडणं ग्राहकाला अधिकच खुपतं. 2025 च्या स्विच 2 वर आधीच्या स्विचचे बहुतेक गेम चालतात. पीएस5 मात्र पीएस3 ची डिस्क अजूनही वाचत नाही. ते नव्या कन्सोलवर खेळता येणं हा विकत घेतलेल्यांचा हक्क होता, असं मी मानतो.