उंबरठ्यावर अडलेलं पाऊल : पार्किन्सन्स आणि फिजिओथेरपीविषयीचे गैरसमज

हॉलमध्ये बऱ्यापैकी चालणाऱ्या आजी स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या की थबकतात. पाय फरशीला चिकटवल्यासारखे. मागून कुणीतरी म्हणतं, "अहो चला ना, दारातच काय उभ्या राहिलात?" पार्किन्सन्स असलेल्या अनेक घरांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आजी हट्ट करत नसतात. पाय उचलायचा आहे हे त्यांना कळत असतं, पण पाय उचलला जात नसतो.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं. आपल्याकडे त्याला कंपवात म्हणतात. मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी कमी होत जातात आणि त्या बनवतात ते डोपामिन अपुरं पडू लागतं. चालणं, कूस बदलणं, शर्टाची बटणं लावणं ही कामं एरवी आपण विचार न करता करतो. या आजारात तो आपोआपपणाच हरवतो. जे आपोआप होत नाही ते लक्ष देऊन कसं करायचं, हे शिकवणं म्हणजे पार्किन्सन्ससाठीची फिजिओथेरपी. तिच्याविषयीचे बहुतेक गैरसमज एवढी एक गोष्ट न कळल्यामुळे होतात.

गैरसमज १ : फिजिओथेरपी म्हणजे मालीश आणि शेक.

वस्तुस्थिती : मालिशीने ताठरलेल्या अंगाला काही वेळ बरं वाटतं, पण त्यात मेहनत मालीश करणाऱ्याची होते. रुग्णाने स्वतः हालचाल केल्याशिवाय मेंदू काही शिकत नाही. खुर्चीतून उठताना आधी पुढे सरकायचं, पाय मागे घ्यायचे, नाक गुडघ्यांच्या पुढे येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं, अशा पायऱ्या थेरपिस्ट बसवून घेतो. वळताना एका जागी गर्रकन न फिरता छोटा वळसा घ्यायचा, हाही त्यातलाच एक धडा. यंत्रं लावून पडून राहणं हा या उपचाराचा गाभा नाही.

गैरसमज २ : गोळ्या चालू आहेत, मग व्यायाम कशाला?

वस्तुस्थिती : लेव्होडोपाच्या गोळीने मंदपणा आणि ताठरपणा चांगला कमी होतो. तोल जाणं, पाठीचं पोक, वारंवार पडणं यांवर मात्र तिचा तितका जोर चालत नाही. तिथे व्यायामाचं काम सुरू होतं. म्हणून गोळी की व्यायाम, असा प्रश्नच नाही. उलट गोळीचा असर पुरता चढलेला असतो तेव्हा अंग मोकळं असतं, आणि नवीन हालचाल शिकायला तीच वेळ उत्तम. गोळी किती वाजता घेतली आणि अंग किती वाजता मोकळं झालं, याची आठवडाभराची नोंद थेरपिस्टला दाखवा. कसरतीची वेळ त्यावरून ठरवता येते.

गैरसमज ३ : अजून नुसता हात थरथरतोय. चालणं बिघडलं की बघू.

वस्तुस्थिती : थरथर डोळ्यांत भरते, पण काही रुग्णांना ती नसतेच. तिच्या आड इतर बदल सुरू असतात. चालताना एका बाजूचा हात झुलत नाही, पावलं आखूड पडतात, अक्षर बारीक होत जातं. अडचण अशी की हालचाल लहान झाली हे रुग्णाला जाणवत नाही. त्याला आपलं पाऊल नेहमीएवढंच वाटतं. म्हणून मुद्दाम मोठं पाऊल, मोठा हात, मोठी झेप असा सराव करून घेतात. 'हे जरा जास्तच होतंय' असं रुग्णाला वाटतं, तेव्हा बघणाऱ्याला ती हालचाल कुठे नेहमीसारखी दिसते. अंगात ताकद असताना ही सवय लवकर लागते.

गैरसमज ४ : या वयात, या आजारात दम लागेल असा व्यायाम झेपत नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२८ जण होते. आजाराचं निदान होऊन पाच वर्षं उलटलेली नव्हती आणि औषधं अजून सुरू व्हायची होती. हृदयाच्या कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंत नाडी जाईल इतक्या जोमाने ट्रेडमिलवर चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास होती तिथेच राहिली. नेहमीचाच दिनक्रम ठेवणाऱ्यांची मात्र वाढली. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समधल्या १३० जणांच्या अभ्यासात घरच्या स्थिर सायकलनेही असाच फायदा दाखवला. यातून आजार बरा होतो किंवा थांबतो, असं सिद्ध झालेलं नाही. पण सोसायटीच्या आवारात गप्पा मारत मारलेली फेरी पुरेशी नाही, हे नक्की. हृदयाची तपासणी करून, उठताना रक्तदाब उतरतो का ते पाहून, मगच जोर वाढवावा.

गैरसमज ५ : पाच-सहा सिटिंग घेतल्या, फरक पडला नाही. म्हणजे उपयोग नाही.

वस्तुस्थिती : ब्रिटनमध्ये ७६२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य ते मध्यम आजाराच्या लोकांना साधारण चार भेटींपुरती फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी दिली गेली. फायदा दिसला नाही. याचा अर्थ एवढाच, की इतक्या थोड्या मात्रेने भागत नाही. चार दिवस गोळ्या घेऊन कोणी रक्तदाबाचं औषध सोडत नाही. व्यायामाचंही तसंच आहे. अधूनमधून थेरपिस्टकडून तपासून घ्यायचं आणि रोजचा सराव घरी करायचा.

एकट्याने कंटाळा येतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर गटाचा उपाय चालतो. न्यूयॉर्कच्या मार्क मॉरिस नृत्यसंस्थेने २००१ साली पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी असे वर्ग घेतले आहेत. पुण्याचंच पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णाला 'शुभार्थी' आणि सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतं. 'पेशंट' म्हणून हाक मारण्यापेक्षा यात उमेद आहे.

गैरसमज ६ : पाय अडला की हात धरून ओढावं.

वस्तुस्थिती : ओढल्याने धड पुढे जातं आणि पाय मागेच राहतात. पडायला एवढं पुरतं. दार, अरुंद बोळ, वळण, गर्दी अशा ठिकाणी पाय जास्त अडतात. तिथे आपोआप चालण्याची वाट बंद झालेली असते, पण दुसरी वाट उघडी असते. २०१० साली नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी ५८ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो सफाईने चालवू लागला. (म्हणून कुणाला रस्त्यावर सायकल देऊ नये.)

घरी करता येतं ते असं. आधी थांबायचं, श्वास घ्यायचा. अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर डोलवायचा. मग 'एक, दोन' म्हणत मोठं पाऊल टाकायचं. दाराशी जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा पावलाच्या अंतरावर मारल्या, तर त्या ओलांडायला पाय उचलला जातो. फरशीच्या सांध्यांचाही असा उपयोग होतो. कुणाला टाळ्यांचा ठेका लागू पडतो, कुणाला भजनाचा. चालताना बोलायला लावू नका, हातात पाण्याचा तांब्या देऊ नका. एका वेळी एकच काम.

गैरसमज ७ : एकदा पडले, आता बसवून ठेवलेलंच बरं.

वस्तुस्थिती : बसून राहिल्याने स्नायू गळतात, तोल आणखी बिघडतो, भीती वाढते आणि पुढचं पडणं जवळ येतं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९५ रुग्णांनी २४ आठवडे, आठवड्यातून दोनदा व्यायाम केला. २०१२ साली त्याचे निष्कर्ष आले. ताई-ची या चिनी व्यायामाच्या गटाचा तोल इतरांपेक्षा सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले. तेव्हा पायपुसणी उचला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, रात्री दिवा चालू ठेवा, पण माणसाला खुर्चीत डांबू नका.

आणि त्या आजी पुन्हा दारात थबकल्या, तर 'चला ना' म्हणू नका. शेजारी उभे राहा, 'एक, दोन' मोजा, आणि पहिलं पाऊल त्यांना टाकू द्या.