गालिचा ताणण्याची तरफ

रहिमतपूर हे सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यातील जुने गाव आहे. आदिलशाहीतील सरदार रणदुल्लाखान याचा मकबरा येथे आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर या गावाचे स्थानक आहे. इतर गावांप्रमाणे येथेही लग्न असो, सभा असो किंवा शाळेचे स्नेहसंमेलन असो, आधी जमिनीवर काहीतरी अंथरले जाते. कोठे जाजम असते, कोठे सतरंजी, तर कोठे गालिचा. हे शब्द तुम्हांला नवे वाटणार नाहीत. उर्दूतही आपण जाज़िम, शतरंजी आणि ग़ालीचा असे म्हणतो.

अंथरूण घातले की पहिले काम कोणते? त्याच्या सुरकुत्या काढणे. चार कोपऱ्यांना चार जण उभे राहतात आणि जाजम ओढतात. सुरकुती राहिली तर ते वाईट दिसते, एवढेच नाही. सुरकुतीत पाय अडकून म्हातारी माणसे पडतात. शिवाय पायांचा घासा उंच राहिलेल्या भागावरच बसतो, म्हणून कापड तेथेच आधी विरते.

खरे पाहता कापडाला ताण हवा असतो तो त्याच्या जन्मापासून. सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी प्रसिद्ध आहे. धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर कातून सणगर विणकर मागावर घोंगडी विणतात. मागावर जे उभे धागे ताणून बसवतात, त्यांना 'ताणा' म्हणतात. त्यांतून जो आडवा धागा जातो, तो 'बाणा'. उर्दूत आपण ताना-बाना म्हणतो, तेच हे शब्द. ताणा हा शब्द 'ताणणे' या क्रियापदाच्याच घरातला आहे. ताणा सैल असेल तर वीण वेडीवाकडी होते. लोकरीचा धागा ताण सहन करील असा व्हावा, म्हणून विणकर त्याला चिंचोक्याची खळ लावतात.

आडवा धागा मात्र विणताना कापडाला आत ओढतो आणि कापडाची रुंदी कमी होऊ लागते. यावर मागावरच्या कारागिरांनी फार पूर्वी एक साधा उपाय शोधला. कापडाच्या रुंदीइतकी एक काठी घ्यायची. तिच्या दोन्ही टोकांना बारीक अणकुच्या असतात. त्या कापडाच्या दोन्ही काठांत रोवल्या की काठी कापडाला आतून ताणून धरते. माणसाने हाताने सतत ओढत बसण्याची गरज उरत नाही. काम काठी करते.

असाच उपाय दोरीच्या बाजेतही दिसतो. बाज वापरून सैल झाली की कोणी ती पुन्हा विणत बसत नाही. पायथ्याशी एक वेगळी दोरी ओवलेली असते. उर्दूत तिला अदवान म्हणतात. ती ओढून बांधली की सगळी वीण ताठ होते.

आता घरातल्या गालिच्याकडे वळू. आपल्याकडे गालिचा अंथरतात आणि काम झाले की गुंडाळून ठेवतात. थंड देशांत मात्र अनेक घरांत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गालिचा कायमचा बसवलेला असतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत असे गालिचे कडेने खिळे मारून बसवत. हिवाळा संपला की खिळे काढून गालिचा अंगणात न्यायचा, झोडपून धूळ काढायची आणि पुन्हा ताणून बसवायचा, हे काम घरोघरी चाले. ते बहुधा बायकांच्या वाट्याला येई. त्यामुळे घरी वापरता येईल असे गालिचा ताणण्याचे हत्यार तयार करण्यासाठी तेथे अनेकांनी खटपट केली.

पुढे भिंतीच्या कडेने लाकडी पट्ट्या बसवण्याची पद्धत आली. या पट्ट्यांवर भिंतीकडे कललेल्या अणकुच्या असतात. गालिचा ताणून त्यांत अडकवला की तो मागे सरकत नाही. पण तो ताणायचा कसा?

यासाठी एक आखूड हत्यार वापरात आले. त्याच्या एका टोकाला दाते असतात आणि दुसऱ्या टोकाला लहानशी गादी असते. कामगार गुडघ्यांवर बसतो, दाते गालिच्यात रोवतो आणि एका पायाच्या गुडघ्याच्या वरच्या भागाने त्या गादीवर जोराने धक्का मारतो. गालिचा थोडा पुढे सरकतो. मग दुसरा धक्का, मग तिसरा. दिवसभर हेच चालते.

हत्यार स्वस्त होते, लहान होते आणि काम लवकर होई. त्याची किंमत मात्र गुडघ्याला मोजावी लागे. अशा एका धक्क्याचे बल सुमारे 3000 न्यूटन, म्हणजे कामगाराच्या वजनाच्या जवळजवळ चौपट असू शकते, असे अमेरिकेतील संशोधकांना आढळले. कामगारांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या तेथील सरकारी संस्थेने 1990 मध्ये याबाबत इशारा दिला. त्या देशातील 10,000 कामगारांमागे गालिचा बसवणारे सहादेखील नव्हते. पण गुडघ्याच्या दुखापतीबद्दल भरपाई मागणाऱ्या दर 100 अर्जांपैकी सुमारे सहा अर्ज त्यांचे होते. म्हणजे त्यांच्या संख्येच्या मानाने हे प्रमाण शंभर पटींहूनही जास्त होते. यावर संस्थेने जे उपाय सुचवले, त्यांपैकी एक अगदी साधा होता : गुडघ्याऐवजी तरफेचे हत्यार वापरा.

हे सुधारलेले हत्यार कसे असते? त्याचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे दात्यांचे डोके. ते भिंतीपासून सुमारे 15 सेंटिमीटर अलीकडे गालिच्यात रोवतात. दुसरा भाग म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या नळ्या. त्या जोडत जोडत समोरच्या भिंतीपर्यंत नेतात आणि शेवटचे टोक त्या भिंतीच्या पायाशी टेकवतात. तिसरा भाग म्हणजे लांब दांडा. हीच तरफ. दांडा खाली दाबला की डोके पुढे सरकते आणि गालिचा ताणला जातो. दांडा तेथेच अडकून राहतो, त्यामुळे कामगाराचे हात मोकळे राहतात आणि तो गालिच्याची कड सावकाश पट्टीत बसवू शकतो.

विज्ञानात तुम्ही तरफेचा नियम शिकला आहात : बल × बलभुजा = भार × भारभुजा. हिशेबासाठी असे समजा, की टेकूपासून हाताची जागा 60 सेंटिमीटरवर आहे आणि दुसरी भुजा 6 सेंटिमीटरची आहे. मग हाताने 10 किलोग्रॅम वजनाइतका दाब दिला तर गालिच्यावर 100 किलोग्रॅम वजनाइतकी ओढ बसेल. घर्षणामुळे ती थोडी कमी होईल. अर्थात तरफ काहीही फुकट देत नाही. हात 30 सेंटिमीटर खाली आला तर दाते 3 सेंटिमीटरच पुढे जातील. पण गालिच्याला तेवढेच हवे असते.

समोरच्या भिंतीचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. न्यूटनचा तिसरा नियम आठवा. आपण गालिच्याला पुढे ढकलतो, तेव्हा तेवढेच बल हत्याराला मागे ढकलते. जुन्या पद्धतीत तो धक्का गुडघा सोसत होता. नव्या पद्धतीत तो भिंत सोसते. भिंतीला झीज नाही, वेदना नाही. फक्त तिच्यावर खूण पडू नये म्हणून मध्ये एक फळी ठेवतात.

तरीही जुने हत्यार नाहीसे झाले नाही. जिन्याच्या पायऱ्यांवर किंवा अडचणीच्या कोपऱ्यात मोठे हत्यार बसत नाही. शिवाय नळ्या जोडायला वेळ लागतो. कामगाराला जेवढे काम, तेवढी मजुरी मिळत असेल, तर तो ती पाच-दहा मिनिटे वाचवायला बघतो आणि गुडघा पुढे करतो. म्हणून हत्यार सुधारले एवढ्याने भागत नाही. ते वापरायला कामगाराला वेळही मिळाला पाहिजे.

आपल्या भागात पूर्वी विहिरीवर मोट चालत असे. पाण्याने भरलेली मोट वर येताना बैल उताराच्या वाटेने खाली चालत. त्यामुळे त्यांचे स्वतःचे वजनही ओढायला मदत करी. चढावर ओढायला लावले असते तर बैल लवकर थकले असते. मोटेची ती वाट, मागावरची काठी आणि गालिच्याची तरफ या तिन्हींत एकच शहाणपण आहे. चांगले हत्यार काम तर नीट करतेच, पण काम करणाऱ्या जिवाचीही काळजी घेते. एखादे नवे हत्यार पाहाल तेव्हा ते किती भरभर चालते एवढेच विचारू नका. त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हेही विचारा.

शब्दार्थ
विरणे – वापरून झिजणे, पातळ होणे
खळ – कापडाला किंवा धाग्याला ताठपणा आणण्यासाठी लावायची चिकी
अणकुची – टोकदार बारीक खिळा
बाज – दोरीने विणलेली खाट, चारपाई
टेकू – ज्या बिंदूवर तरफ फिरते तो आधार

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ताणा आणि बाणा म्हणजे काय?
(आ) गालिच्याला सुरकुत्या पडल्यास कोणते तोटे होतात?
(इ) सुधारलेल्या हत्यारात समोरच्या भिंतीचा उपयोग कशासाठी होतो?
2. कारणे द्या.
(अ) जुन्या हत्यारामुळे कामगारांचे गुडघे दुखावत.
(आ) जुने हत्यार अजून नाहीसे झालेले नाही.
3. तुमच्या घरातील किंवा गावातील अशा एका हत्याराची माहिती पाच-सहा ओळींत लिहा, ज्यामुळे माणसाचे कष्ट कमी होतात.
4. या पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.