मुंबई–न्यूयॉर्क : जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला जायला साधारण सोळा तास लागतात, परत यायला साडेचौदा. शहरं तीच, विमानही त्याच जातीचं. मग दीड तास जातो कुठे? न्यू जर्सीला लेकीचं बाळंतपण उरकून आलेल्या आजी हे हमखास विचारतात, आणि ‘पृथ्वी फिरते ना!’ असं उत्तर त्यांना ठोकून दिलं जातं. पण पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते, आणि विमान त्या हवेतूनच उडतं. तेव्हा न्यूयॉर्क काही आपणहून विमानापासून लांब पळत नाही.

आधी अंतर बघू. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरं पट्टीने जोडली, तर रेघ अरबस्तान, इजिप्त, अल्जीरियावरून अटलांटिकमध्ये उतरते. ती वाट सुमारे 14,200 किलोमीटरची. आता घरातला पृथ्वीगोल घ्या आणि त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो : बलुचिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या जवळून फिनलंड आणि नॉर्वे, पुढे आइसलंड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडा आणि मग न्यूयॉर्क. अंतर भरतं साधारण 12,500 किलोमीटर. पृथ्वीगोल असलेल्या प्रत्येक घरात मुलांना हे एकदा करून दाखवावंच. शाळेच्या नकाशाने डोक्यात बसवलेलं जग पाच मिनिटांत सरळ होतं.

आता तो दीड तास. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची मोजणी केली. जगाला कळावं म्हणून अहवाल त्यांनी एस्पेरांतो भाषेत छापला, आणि नेमक्या त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. इतक्या मोलाच्या कामाच्या वाट्याला असं यावं, याची आजही हळहळ वाटते.

हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटरच्या आसपासच राहतो. पण समोरच्या पडद्यावर दिसतो तो जमिनीच्या हिशेबातला वेग. वारा तोंडावर असला की तो 800 च्या खाली येतो, पाठीशी असला की हजार ओलांडतो. म्हणून येताना वैमानिक हा झोत शोधत जातात आणि जाताना तो टाळतात. त्यासाठी वाट थोडी लांबली तरी चालते.

वाऱ्याइतक्याच आडव्या येतात सरहद्दी. दोऱ्याची ती वाट पाकिस्तान आणि रशियावरून जाते. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. मुंबईकरांना निदान अरबी समुद्र मोकळा होता. दिल्लीच्या विमानांना मात्र आधी दक्षिणेला गुजरातकडे उतरून मग पश्चिमेला वळावं लागलं, आणि अमेरिकेच्या काही उड्डाणांना इंधनासाठी व्हिएन्नात थांबावं लागलं.